पुकारलेले नाव : मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाचा इतिहास

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



परीक्षेच्या दालनात विद्यार्थ्याला नाव नसते. उत्तरपत्रिकेवर असतो तो केवळ बैठक क्रमांक. परीक्षकाला त्याचे कुल, गाव, जात, धर्म, श्रीमंती वा दारिद्र्य यांतले काहीही कळू नये, अशी ती व्यवस्था आहे आणि ती उचितच आहे. परंतु विद्यार्थ्याच्या आयुष्यात एक दिवस असा येतो की, त्या दिवशी हा क्रमांक गळून पडतो आणि भरसभेत त्याचे पूर्ण नाव मोठ्या आवाजात उच्चारले जाते. तो दिवस पदवीदान समारंभाचा. मिरवणूक, झगे, सुवर्णपदके, पाहुण्यांची भाषणे हा सारा त्या एका क्षणाभोवतीचा परिवार होय. नाव पुकारले जाते, विद्यार्थी उभा राहतो, आणि समाज साक्षीला असतो. समारंभाचे सार एवढेच.

मग नाव कोणाचे पुकारले जावे? प्रश्न वरकरणी सोपा आहे. जो परीक्षा उत्तीर्ण झाला, त्याचे. असे उत्तर आज कोणीही देईल. पण हे उत्तर इतके सोपे व्हायला शतके लागली. मुंबई विद्यापीठाच्या पदवीदानाचा इतिहास पाहताना हेच सूत्र हाती येते की, हा समारंभ म्हणजे एका दाराची कथा आहे, आणि ते दार दर पिढीत कोणीतरी थोडे अधिक उघडलेले आहे.

शब्दांच्या पोटातील अर्थ

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजीतील ‘ग्रॅज्युएट’ हा शब्द लॅटिनमधील ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी या शब्दावरून आला. आपल्या ‘पदवी’ या शब्दाच्या मुळाशीही ‘पद’ म्हणजे पाऊलच आहे. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, आणि पुढे स्थान. दोन दूरच्या भाषांनी एकच कल्पना निवडावी, हे लक्षणीय आहे. पदवी हे शिखर नव्हे, ती चढण्याची पायरी आहे, असा बोध दोन्ही भाषा करून देतात. समारंभाला इंग्रजीत ‘कॉन्व्होकेशन’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ एकत्र बोलावणे. म्हणजे तिथेही पुकारणे आलेच.

आपल्याकडे या सोहळ्याला दोन नावे रूढ आहेत : ‘पदवीदान’ आणि ‘दीक्षान्त’. ज्या समाजात दीक्षा या शब्दाने संयमी जीवनाचा आरंभ सूचित होतो, त्या समाजातील श्रोत्यांना ‘दीक्षान्त’ हा शब्द क्षणभर अडखळायला लावील. येथे दीक्षा म्हणजे गुरुगृही घेतलेली विद्येची दीक्षा आणि तिची समाप्ती म्हणजे दीक्षान्त. प्राचीन काळी याच प्रसंगाला ‘समावर्तन’ म्हणत. अध्ययन संपवून शिष्य घरी परतताना आचार्य त्याला उपदेश करीत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत हा उपदेश आला असून अनेक भारतीय विद्यापीठांच्या समारंभांत त्याचे आजही पठण होते.

युरोपातील परंपरा निराळ्या वाटेने आली. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड येथील मध्ययुगीन विद्यापीठे म्हणजे मुळात अध्यापकांचे वा विद्यार्थ्यांचे संघ होते. तेथे पदवी म्हणजे शिकविण्याचा परवाना. नवा माणूस अध्यापकांच्या संघात येत असताना जुन्यांनी त्याला सर्वांसमक्ष स्वीकारायचे, यासाठी तो विधी. त्या काळचे बहुतेक विद्वान धर्मसेवेतले असल्यामुळे त्यांचा पायघोळ पोशाख आणि थंडीत डोक्यावर ओढण्याची टोपी हाच पदवीधराचा वेष ठरला. आज भर उन्हाळ्यात अंगावर चढणारा काळा झगा आणि पाठीवर रुळणारे रंगीत ‘हूड’ ही त्या थंड प्रदेशातील मठांची आठवण आहे.

१८५७ आणि १८६२

१८५४ च्या वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्यानुसार भारतात तीन विद्यापीठे स्थापन झाली. १८५७ च्या जानेवारीत कलकत्ता, १८ जुलै रोजी मुंबई आणि सप्टेंबरमध्ये मद्रास. देशात उठावाचा वणवा पेटलेला असताना विद्यापीठाचा कायदा संमत व्हावा, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग म्हटला पाहिजे.

ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारली गेली. ती स्वतः शिकवीत नसत. शिकविण्याचे काम एल्फिन्स्टन कॉलेजसारख्या महाविद्यालयांचे. परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच विद्यापीठाचे. त्यामुळे आरंभीच्या मुंबई विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती, वर्ग नव्हते, ग्रंथालय नव्हते. टाऊन हॉल म्हणजे आजची एशियाटिक सोसायटीची वास्तू हेच त्याचे ठिकाण. अशा संस्थेच्या दृष्टीने पदवीदान समारंभ हा वर्षातला एक कार्यक्रम नव्हता. विद्यापीठ लोकांना डोळ्यांनी दिसे ते बव्हंशी त्या एकाच दिवशी.

लंडनचा नमुना निवडल्याचा आणखी एक परिणाम झाला आणि तो फार मोलाचा होता. ऑक्सफर्डमध्ये १८५४ पर्यंत विद्यार्थ्याला इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मसूत्रांना लेखी मान्यता द्यावी लागे. केंब्रिजमध्ये अन्य पंथांच्या विद्यार्थ्याला शिकता येई. पण १८५६ पर्यंत पदवी घेता येत नसे. सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्याचे नाव पुकारले जात नसे. वरच्या पदव्यांवरचे हे बंधन १८७१ च्या कायद्याने उठले. लंडन विद्यापीठ मात्र १८३६ पासून अशा धार्मिक अटीविना पदव्या देत होते. तोच शिरस्ता मुंबईत आला. हिंदू, पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा नानाविध समाजांच्या या शहरात कोणालाही पदवीसाठी आपला धर्म दाराबाहेर ठेवावा लागला नाही. ज्या देशाने हे विद्यापीठ निर्माण केले, त्या देशाच्या जुन्या विद्यापीठांहून ते या एका बाबतीत जन्मतःच पुढे होते.

पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. १८६२ साली पहिले चार विद्यार्थी बी.ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मुंबई इलाख्याचे नवे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे पदसिद्ध कुलपती होते. इंग्रज अधिकारी, शहरातील शेट-सावकार आणि विद्वज्जन यांच्यासमोर नावे पुकारली गेली ती चार मराठी तरुणांची.

भारतातील जुन्या विद्यापीठांत कुलपती पदवी देताना एक ठरलेले वचन उच्चारीत. त्याचा आशय असा : मला प्राप्त झालेल्या अधिकारान्वये मी तुम्हांस ही पदवी देतो, आणि आयुष्यभर आपल्या आचरणाने या पदवीस पात्र राहावे, अशी आज्ञा करतो. या वाक्याचे दुसरे अंग लक्षात घेण्यासारखे आहे. परीक्षेने पात्रता सिद्ध झालेली असतानाही समारंभ म्हणतो की, पात्रता अजून सिद्ध व्हायची आहे, ती जन्मभर सिद्ध करीत राहायची आहे. त्या चौघांपैकी रानडे यांनी न्यायदान, अर्थशास्त्र आणि समाजसुधारणा या क्षेत्रांत, तर भांडारकरांनी प्राच्यविद्येत ती आज्ञा कशी पाळली, हे महाराष्ट्र जाणतो. संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांचा शोध घेत भांडारकरांनी जे अहवाल सिद्ध केले, त्यांत जैन ग्रंथभांडारांतील साहित्याचा परिचय विस्ताराने आला आहे. त्यांच्या नावाने १९१७ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेत आज असंख्य जैन हस्तलिखिते सुरक्षित आहेत.

या कथेचे एक वर्तुळ तीस वर्षांनी पूर्ण झाले. १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले आणि कुलगुरुपदावर भांडारकरांची नियुक्ती झाली. ज्यांचे नाव १८६२ साली पुकारले गेले होते, त्यांच्याच हाती आता विद्यापीठाची सूत्रे आली.

दात्यांचे दालन

विद्यापीठाला स्वतःचे सभागृह मिळाले ते लोकांच्या औदार्यातून. १८६० नंतरच्या काही वर्षांत मुंबईवर पैशाचा पाऊस पडत होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास किल्ल्याची जुनी तटबंदी पाडून शहर पश्चिमेकडे मोकळे करण्यात येत होते. पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी विद्यापीठाच्या सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मागाहून घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. त्यांची इच्छा एकच होती : मनोऱ्याला आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव असावे.

दोन्ही वास्तूंचे आराखडे लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नव्हते. पदवीदान सभागृह १८७४ साली पूर्ण झाले. उंच छत, नक्षीदार सज्जा आणि बारा राशींची चिन्हे असलेली रंगीत काचांची वर्तुळाकार खिडकी यांमुळे ते एखाद्या प्रार्थनागृहासारखे भासते. राजाबाई मनोऱ्याची कोनशिला १८६९ साली बसली आणि १८७८ साली सुमारे २८० फूट उंचीचा तो मनोरा उभा राहिला.

राजाबाईंविषयी एक आख्यायिका मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांना दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी भोजन घेण्याचा नियम तर कटाक्षाने पाळायचा असे. मनोऱ्यातील घंटेमुळे त्यांना वेळ कळे आणि कोणाला विचारावे लागत नसे. आख्यायिकेला पुराव्याचे ओझे घालू नये. मुलाने आईच्या व्रताची बूज राखली, ही भावना लोकांना प्रिय वाटली म्हणून ती टिकली.

पण या दानकथेतील खरा प्रसंग आख्यायिकेहूनही बोलका आहे. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजाराचा फुगा फुटला. प्रेमचंद रायचंद यांचे वैभव त्यात लयाला गेले. कागदोपत्री असलेले कोट्यवधी रुपये पाहता पाहता नाहीसे झाले. विद्येसाठी जे देऊन टाकले होते, तेवढे उभे राहिले. १८६६ साली कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या देणगीतून निघालेली ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ ही तर त्या विद्यापीठातील मानाची खूण ठरली. परिग्रहाविषयी प्रवचनांत जे सांगितले जाते, ते मुंबईच्या या इतिहासात दगडाने लिहून ठेवले आहे.

प्रेमचंद स्वतः पदवीधर नव्हते. पण त्यांच्या मनोऱ्याच्या छायेत किती नावे पुकारली गेली, याची गणती नाही. त्यांत १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालेले महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी होते. नऊ वर्षांनी, १८९३ साली, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन दर्शनाची मांडणी करण्यासाठी तेच उभे राहिले. मातेच्या नावाने दिलेले दान कोणाच्या मुलाच्या उपयोगी पडेल, हे दात्याला ठाऊक नसते; ते ठाऊक नसणे हेच दानाचे सौंदर्य होय.

दाराबाहेर उभ्या असलेल्या लेकी

धर्माची अट नव्हती. पण पहिली वीस-पंचवीस वर्षे या समारंभात स्त्रीचे नाव पुकारले गेले नाही. लंडन विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. १८८३ साली कलकत्ता विद्यापीठाने कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू यांना बी.ए. पदवी दिली. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठानेही आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या कॉर्नेलिया सोराबजी. त्यांचा जन्म १८६६ सालचा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. परीक्षेतील यशाच्या बळावर इंग्लंडमधील शिक्षणासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही वाटा होता. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची ‘बी.सी.एल.’ ही कठीण परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या.

परीक्षा दिली, उत्तीर्ण झाल्या. पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डच्या पदवीदानात स्त्रीचे नाव पुकारण्याची सोयच नव्हती. ज्या बाईंना मुंबईच्या विद्यापीठाने पदवीधर म्हणून स्वीकारले होते, त्यांनाच सहाशे वर्षांहून जुने विद्यापीठ ज्ञान असूनही नाव देत नव्हते. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास प्रारंभ केला तो ऑक्टोबर १९२० मध्ये. त्यानंतर १९२२ साली कॉर्नेलियाबाईंना आपली पदवी मिळाली. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षांचे अंतर! परीक्षा दिली तेव्हा त्या पंचविशीत होत्या. नाव पुकारले गेले तेव्हा पन्नाशी उलटली होती. केंब्रिजला तर स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले.

येथे कोणाला वाटेल की, विद्या मिळाली, मग पदवीच्या कागदाचे आणि समारंभाचे एवढे काय? परंतु पदवीवाचून त्या काळी वकिलीचे दार उघडत नसे, सभेत मत देता येत नसे, अध्यापकपद मिळत नसे. समारंभ हा केवळ शोभेचा असता, तर तो नाकारण्यासाठी एवढा अट्टहास झालाच नसता.

सभागृहापासून दूर असलेली गावे

या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून ती पुरी होणार नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी खजिना भरतो आणि त्यातील पैसा उच्चवर्गीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातील प्राथमिक शाळा मात्र उपेक्षित राहतात, असे त्यांनी परखडपणे मांडले. सभागृह कितीही भव्य असले, तरी तिथवर पोहोचणारी वाट गावातल्या शाळेपासून निघते. ती शाळाच नसेल तर सभागृहात तीच ती ठरावीक घरांतील नावे पुकारली जाणार, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

तीस वर्षांनी, १९१२ साली, मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. उत्तीर्णांत एक नाव आले : भीमराव रामजी आंबेडकर. शाळेत ज्यांना वेगळे बसावे लागले, पाण्याला हात लावता आला नाही, त्यांना या पायरीपर्यंत येण्यासाठी सुभेदार रामजींची जिद्द आणि सयाजीराव महाराज गायकवाड यांची शिष्यवृत्ती कामी आली. पुढे कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांनी त्यांना सर्वोच्च पदव्या दिल्या. पण बाबासाहेब एकट्याचे नाव पुकारले गेल्यावर थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ज्याच्यासाठी दार उघडले, त्याने ते मागच्यांसाठी धरून ठेवावे, असा हा आदर्श आहे.

भाषा, सत्ता आणि वेष

समारंभात नाव पुकारले जाई, पण कोणत्या भाषेत? सारा विधी इंग्रजीत चाले. पदवीधराच्या आईवडिलांना सभेतील आपल्या मुलाचे नाव सोडल्यास काही कळत नसे. मराठीसारख्या देशी भाषांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानडे अखेरपर्यंत झटले. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे तत्त्व ठरवले, आणि तेथील पदवीला ‘गृहीतागमा’ असे संस्कृत नाव दिले. १९३७ साली रवींद्रनाथ ठाकूर यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बंगालीत भाषण केले. तेथील दीक्षान्त भाषण इंग्रजीखेरीज अन्य भाषेत होण्याचा तो पहिला प्रसंग होता.

गव्हर्नर हाच कुलपती असल्यामुळे समारंभ हे राजसत्तेचेही व्यासपीठ होते. कलकत्त्यातील १९३२ च्या समारंभात बीना दास या तरुण पदवीधर विद्यार्थिनीने गव्हर्नर स्टॅनले जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते बचावले आणि तिला कारावास झाला. अहिंसेच्या उपासकांना तो मार्ग मान्य होणार नाही. परंतु तिची आणि तिची समकालीन क्रांतिकारक प्रीतिलता वड्डेदार हिची पदवी ब्रिटिश राजवटीत अडवून ठेवली गेली, ही गोष्ट वेगळी आहे. शिक्षा कृत्याची असते, मिळवलेल्या विद्येची नव्हे. कलकत्ता विद्यापीठाने २०१२ साली त्या दोघींना मरणोत्तर पदव्या दिल्या. नाव पुकारले गेले, उत्तर द्यायला कोणी नव्हते.

वेषाचा वादही जुनाच. २०१० साली भोपाळ येथील एका राष्ट्रीय संस्थेच्या समारंभात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी झगा वसाहतकालीन अवशेष म्हणून व्यासपीठावरच उतरवला. २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभासाठी हातमागाच्या वस्त्रांचा विचार करावा, असे सुचविले. २०१९ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात झग्याऐवजी कुर्ता आणि पगडी आली, तर कोणती पगडी, पुणेरी की महात्मा फुल्यांची, यावरून विद्यार्थ्यांत वाद झाला. वेष बदलणे सोपे आहे. तो वेष सर्वांना आपला वाटणे अवघड आहे, हा त्या वादाचा बोध.

आजचे पदवीदान

एके काळी मुंबई विद्यापीठाचा पसारा सिंध, गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या काही भागांपर्यंत होता. स्वातंत्र्यानंतर त्यातून अनेक विद्यापीठे निघाली. पुण्याचे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. गोव्यातील महाविद्यालयेही १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईशी संलग्न होती. १९९६ साली ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ विद्यापीठ झाले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या माउलीने शेणाचे गोळे सोसून मुलींना अक्षरे शिकवली आणि जिला कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढायला मिळाली नाही, तिचे नाव आता तेथील प्रत्येक पदवीपत्राच्या माथ्यावर असते. दार किती उघडले, हे मोजण्याचे याहून चांगले माप नाही. २०१८ साली मुंबईतील गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह जागतिक वारसा ठरला. त्यात पदवीदान सभागृह आणि राजाबाई मनोरा समाविष्ट आहेत.

चार पदवीधरांनी सुरू झालेल्या परंपरेत आज दरवर्षी लक्षावधी विद्यार्थी येतात. इतकी नावे एका सभागृहात पुकारणे अशक्यच. मुख्य समारंभ थोड्यांचा होतो. पुष्कळांना पदवीपत्र महाविद्यालयातून वा टपालाने मिळते, आणि आता ते संगणकावरील भांडारातही साठवले जाते. सोय झाली, यात शंका नाही. पण ज्या मुलीच्या घराण्यात तीच पहिली पदवीधर आहे, तिचे नाव कोणीच मोठ्याने उच्चारले नाही, तर काहीतरी राहून जाते. ते काम विद्यापीठाला झेपत नसेल तर महाविद्यालयांनी, गावांनी आणि समाजाच्या संस्थांनी करावे. विद्यार्थ्यांचा सत्कार करताना घाईघाईने यादी वाचण्याऐवजी प्रत्येकाचे पूर्ण नाव स्पष्ट उच्चारावे, आईवडिलांना उभे राहण्यास सांगावे. आणि शिष्यवृत्ती देताना, अजून कोणाचे नाव आपल्या यादीत येतच नाही, हे दरवर्षी एकदा तपासून पाहावे. कोठली मुलगी बारावीनंतर घरी बसली, कोणाच्या मुलाने शुल्काअभावी परीक्षेचा अर्ज भरला नाही, याची चौकशी करावी. प्रेमचंद शेठनी आणि सयाजीराव महाराजांनी जे केले, त्याचा लहान अवतार प्रत्येक संस्थेला शक्य आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याजोगी. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या वास्तूला आईचे नाव मागितले होते. त्यानंतर एकशे साठ वर्षांनी, महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावापाठोपाठ आईचे नाव लिहिणे आवश्यक झाले. ही मुले १८६२ च्या त्या चौघांप्रमाणे पदवी घ्यायला उभी राहतील तेव्हा २०४५ साल उजाडलेले असेल. त्या दिवशी राजाबाई मनोऱ्याजवळच्या सभागृहात मुलाचे किंवा मुलीचे नाव पुकारले जाईल, आणि त्याला जोडून आईचेही.

जय जिनेंद्र.